बसा बाई, घाई काऊन करता

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात एका दुपारी मी माझ्याच आवाजाशी भांडले. मी स्वतः चहाच्या टपरीवर गप्प उभी होते. भांडत होते ते दोन ऑटो. एक बसस्टँडकडून आला, दुसरा समोरून. दोघांच्याही टपावर भोंगे. लग्नाच्या साड्या घ्यायच्या तर बद्रीसेठच्या दुकानातच घ्या, असं मी पहिल्यातून सांगत होते. आणि त्याच साड्या बद्रीसेठच्या बरोबर समोर नव्याने उघडलेल्या काचेच्या दुकानात घ्या, असंही मीच दुसऱ्यातून सांगत होते. भाजीवाल्यांच्या गर्दीत दोन्ही ऑटो तोंडाला तोंड लावून अडकले. मागे सरायला कोणी तयार नाही, आणि मी दोन्हीकडून सारख्याच जिव्हाळ्याने ओरडते आहे.

टपरीवाला मला ओळखत नव्हता. तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "एकच बाई आहे वाटते. दोघाइचंही खाऊन राहिली." मी चहा संपवला आणि मुकाट्याने गोंदियाची बस धरली.

तर असा माझा धंदा. १९९९ पासून पुढची बरीच वर्षं मी गोंदियात जाहिरातींच्या कॅसेटमध्ये बोलत असे. मूळची मी अर्जुनी मोरगावकडची. गावच्या विहारात जयंतीचा कार्यक्रम असला की माइक माझ्याच हातात यायचा, कारण माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत माइकशिवायही जायचा. लग्न होऊन गोंदियाला आले, तेव्हा बाजाराच्या गल्लीत एका रेकॉर्डिंगवाल्याला बाईचा आवाज हवा होता. पुढे तो धंदा सोडून गेला आणि खोली माझ्याकडे आली. खोली म्हणजे राइस मिलमधून आणलेला बारदाना चारही भिंतींना ठोकलेला, वर जुन्या गोधड्या. मे महिन्यात पंखा बंद करून आत बोलायचं, कारण पंख्याचा आवाज येतो. आणि अगदी शेवटच्या वाक्याला जंक्शनवर गाडीचा भोंगा वाजायचा. मग पुन्हा पहिल्यापासून.

बाहेरच्यांना वाटतं, त्यात काय, ओरडायचं. पण ऑटोच्या कॅसेटचं एक शास्त्र असतं. ऑटो तुमच्या दारावरून जातो तेवढ्यात तुमच्या कानावर एखादंच वाक्य पडतं. ते कुठलं असेल, हे मला माहीत नसतं. म्हणून प्रत्येक वाक्यात दुकानाचं नाव, खूण आणि माल तिन्ही यायला हवं. आधीचं न ऐकलेल्यालाही कळलं पाहिजे, पुढचं न ऐकणाऱ्यालाही. म्हणून त्या कॅसेटी सलग ऐकल्या तर वेड लागायची पाळी येते. सलग ऐकणारा एकच माणूस असतो, ऑटोवाला, आणि त्याला मी नेहमी मान देत आले.

गिऱ्हाइकंही एकेक असायची. अर्जुनीच्या एका चपलांच्या दुकानदाराने माझ्याकडून 'दुकान कायमचं बंद होत आहे' अशी सेलची कॅसेट करून घेतली होती. माल भराभर खपला. त्याला त्या कॅसेटचा असा लळा लागला की सेल संपून हंगाम उलटला तरी ऑटो फिरतच होता. एक दिवस तो पडलेल्या चेहऱ्याने आला. मुलाचं लग्न जुळत आलं होतं, पण मुलीकडचे म्हणाले, दुकान बंद करून राहिले त पोरगा खाईल काय? मग मी त्याच आवाजात नवी कॅसेट केली. 'दुकान बंद होत नाही आहे.' ती मुलीकडच्या गावात फिरवली. लग्न झालं. पत्रिका मलाही आली होती.

तर सांगत होते बद्रीसेठबद्दल. दोन ऑटो बाजारात अडकले त्याच्या दुसऱ्या दिवशी ते गोंदियाला माझ्या खोलीवर आले. जाडजूड माणूस, बारदान्याच्या भिंतीकडे संशयाने बघत बसले. तीन पिढ्यांचं दुकान. मराठी सगळी समजायची, पण बोलायचे हिंदीत.

"मैडम, आप मेरे लिए भी वही बोलती हो, सामने वाले के लिए भी वही बोलती हो. ग्राहक क्या समझेगा?"

मी म्हटलं, "सेठजी, धंदा आहे माझा. तुम्हीसुद्धा दोन्ही व्याह्यांना साड्या विकताच की."

ते हसले नाहीत. म्हणाले, "कुछ ऐसा करो जो उसके पास नहीं है."

त्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या बाया दुपारी ओट्यावर विड्या वळत बसायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, आणि त्याच सुपाच्या कोपऱ्यात मोबाइल. मोबाइलमधलं मेमरी कार्ड बाजारातून गाणी भरून आणलेलं. बाजारात मोबाइलवाल्यांच्या दुकानांपुढे त्यासाठी ही गर्दी असायची. शेजारची शकुन एकदा विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "तेच ते गाणे ऐकून कान किटले ना. कोणी बोलणारं पाहिजे होतं."

ते माझ्या डोक्यात बसलं. ऑटोचं गिऱ्हाईक दारात उभं असतं आणि आपण पळत असतो. इथे उलटं होतं. बाई तासन्‌तास बसलेली, हात कामात, कान रिकामे. तिच्यापुढे ओरडायची काय गरज? तिच्याशी बोलायचं, बस. मी सेठजींना म्हटलं, दर आठवड्याला अर्ध्या तासाच्या गप्पांचा एक भाग करू. बाजारातले मोबाइलवाले गाण्यांबरोबर तो फुकट भरून देतील. त्यात जाहिरात नसेल. दोन बाया तुमच्या दुकानात बसून बोलतील, एवढंच.

"जाहिरात नहीं, तो फिर मैं पैसा किस बात का दूं?" सेठजींनी विचारलं. प्रश्न चोख होता. बोलण्याचाच धंदा असल्याने मी काहीतरी बोलले आणि त्यांनी मान डोलावली.

माझा भाचा आता नागपूरला असल्याच कामात आहे. तो सांगतो, "आत्या, ह्याला पॉडकास्ट म्हणतात. तू ब्रँडेड पॉडकास्ट करत होतीस." असेल बाबा. आम्ही त्याला 'भाग' म्हणायचो. बाया म्हणायच्या, "भागरताबाई भरून द्या."

भागरताबाई म्हणजे त्या गप्पांतली सासू. तिची सून निर्मला मी होते. सासूसाठी मी गिरजाबाईंना गाठलं.

गिरजाबाई आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांतल्या जुन्या नटी. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी लेकी, जावई, भाचरं, सगळे पाहुणे त्या गावात लोटतात. दिवसा दंडारीची नाचगाणी, रात्री नाटक. त्या नाटकांत गिरजाबाईंनी उभं आयुष्य काढलं. घर फोडणारी, विष घालणारी, पाटलाला नादी लावणारी बाई ही त्यांची खास कामं. मग गुडघे गेले. उभं राहता येईना, तेव्हा कंपनीने बोलावणं थांबवलं. नवरा नाही, मूल नाही. नाटकात गेली म्हणून भावांनी माहेर तोडलेलं. रेल्वे लायनीपलीकडे एका खोलीत राहायच्या. मी गेले तेव्हा पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. मी काम सांगितलं.

"उभं राहा लागते का?" त्यांनी विचारलं.

"नाही. बसूनच."

"तोंड रंगवा लागते?"

"नाही."

"मंग काय करा लागते?"

"बोलायचं."

त्यांनी लांब केलेले पाय पलंगाखाली घेतले. मग म्हणाल्या, "तेवढंच राहिलं आहे माह्याजवळ. ने."

पहिल्याच भागाला त्यांनी माझा कागद बाजूला ठेवला. दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाला भागरताबाई काय म्हणेल, ते त्यांनी आपल्या मनानेच म्हटलं, "बसा बाई, घाई काऊन करता?" असं सावकाश म्हटलं की मीच खुर्चीत नीट बसले. पुढे प्रत्येक भाग त्याच वाक्याने सुरू झाला. त्यात साडी कधी यायची, कधी नाही. सुनेला चहा नीट जमत नाही, धानाच्या रोवणीच्या दिवसांत कंबर धरते, नव्या पोरी पदर घेत नाहीत आणि मग पंख्यात अडकतो म्हणून बोंबलतात. मी निर्मला होऊन उलट उत्तरं द्यायची. गिरजाबाई मध्येच असं काही बोलायच्या की मला हसू आवरायचं नाही, आणि तेही तसंच राहू द्यायचे. मात्र वाईट बाईची कामं केलेल्या त्या बाईने भागरताला एकदाही वाईट बोलू दिलं नाही. तोंडाची फटकळ, पण मनात काही नाही, अशी.

भाग चालले. शकुनने सांगितलं, की गल्लीत गाणी मागे पडली. देवरीकडून येणाऱ्या बसमध्ये मी स्वतः एका बाईच्या पिशवीतून गिरजाबाईंचा आवाज ऐकला. मला वाटलं, सेठजी पेढे आणतील. ते आले, पण वैतागून.

"मैडम, रोज औरतें आती हैं. पूछती हैं, भागरताबाई कहां बैठती है? मैं बोलता हूं, कोई भागरताबाई नहीं है, वो नाटक है. तो ऐसा मुंह बनाती हैं जैसे मैंने किसी को मार डाला. और बिना कुछ लिए चली जाती हैं."

मी म्हटलं, "तसं सांगू नका ना."

"तो क्या झूठ बोलूं? और मुझे ये बताओ, पिछले भाग में साड़ी कहां थी?"

मागच्या भागात साडी नव्हती, हे खरं होतं. मागचा भाग दसऱ्याच्या सुमाराचा. मी निर्मला म्हणून लिहिलं होतं, की मी यंदा मंडईला माहेरी जाणार. त्यावर सासूने एक थट्टेचं वाक्य म्हणायचं होतं. गिरजाबाई ते म्हणाल्याच नाहीत. त्याऐवजी म्हणाल्या, "जाय बाई. तुले बोलावते कोणी. मले कोण बोलावते मंडईले? भाऊ आहेत. पण त्याइच्या घराचा रस्ता मी विसरली नाही, तेच विसरले." आणि मग लगेच, "चहा आन जरा. साखर टाकजो, मागच्यासारखी विसरू नको."

चहाच्या त्या वाक्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये काही वेळ शांतताच होती. मी ती कापली नाही. गाडीचा भोंगाही नेमका त्या दिवशी वाजला नाही.

सेठजींनी निर्णय सांगून टाकला. दिवाळीचा हंगाम संपेपर्यंत चालवू, मग बंद. पुन्हा ऑटो. मी एक शेवटचा उपाय सुचवला, की गिरजाबाईंनाच बाजाराच्या दिवशी दुकानात बसवू, म्हणजे कोणी रिकाम्या हाताने परतणार नाही. सेठजी तयार झाले. गिरजाबाई झाल्या नाहीत.

"माह्या गुडघ्यांचं सोड," त्या म्हणाल्या. "पन त्या बायांनी आपापल्या मनात एक भागरता बसवली आहे. कोणाची आई असंल, कोणाची मावशी असंल. मी समोर गेली की ते सगळ्या उठून जातीन. आन उरंन कोण? नाटकातली गिरजा. ते विष घालणारी."

मग मी त्यांना बंद होणार असल्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू त्यांना माहीतच होतं. "कंपनीनंही असंच हंगाम पाहूनच थांबवलं होतं," एवढंच म्हणाल्या. मला घरी येऊन स्वयंपाकात लक्ष लागलं नाही. आमच्या धंद्यात आवाज भाड्याने असतो, काम संपलं की संपलं, हे मी सगळ्यांना सांगत आले. पण एका बाईजवळ तेवढंच उरलेलं असताना ते बंद करायचं, हे मला फार जड गेलं.

दिवाळी झाली आणि सेठजींचा फोन आला. आवाजात राग नव्हता, गोंधळ होता.

"मैडम, हिरडीटोला की औरतें आई हैं. मंडई का न्योता लेके. भागरताबाई को भेजो बोलती हैं. मैंने कहा वो नाटक है. तो वो बुढ़िया बोलती है, नाटक आहे का काय आहे, तुमी धाडा. आमी जेवन सांगून ठेवलं आहे."

हिरडीटोला म्हणजे गोरेगावपासून आत, धानाच्या बांध्यांमधलं लहानसं गाव. ती म्हातारी सोनाबाई. तिने ते बोलणं ऐकलं होतं, मले कोण बोलावते मंडईले, आणि विडी वळणाऱ्या सगळ्या बायांना जमवून ठरवलं होतं, की आपण बोलवायचं.

गिरजाबाई आधी हसल्या. मग कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, येत नाही. "हिरडीटोल्यात मी नाटक केलं आहे. सवतीच्या पोराले विहिरीत ढकललं होतं मी तेथे. बायाइनं दुसऱ्या दिवशी मले पानी नव्हतं देल्लं." मी म्हटलं, त्याला किती वर्षं झाली. त्या म्हणाल्या, "तोंड तेच आहे ना व."

पण मंडईच्या दिवशी मी ऑटो घेऊन गेले, तेव्हा त्या केसांना तेल लावून, धुतलेली जुनी साडी नेसून दारातच बसल्या होत्या. "भाषण नाही देनार," एवढीच अट घातली.

गोरेगावहून सेठजी आपल्या व्हॅनमध्ये घेऊन गेले. व्हॅनमध्ये मागे त्यांच्या दुकानाचं भलंमोठं बॅनर गुंडाळून ठेवलेलं होतं. बंद तर करायचंच आहे, मग निदान एवढी जाहिरात तरी होऊ दे, असा त्यांचा हिशेब.

गावात मंडई भरली होती. फुगे, जिलबीची दुकानं, घराघरातून वड्यांचा वास. सोनाबाईच्या अंगणात बायाच बाया. व्हॅन थांबली. मी हात दिला, गिरजाबाई हळूहळू उतरल्या, आणि अंगण गप्प झालं. सगळ्या बघत राहिल्या. जिची तिची भागरता गिरजाबाईंच्या तोंडाशी जुळते का, हे बघत असाव्यात. मग मागून कोणीतरी म्हणालं, "हे त गिरजा नोहे का? नाटकातली?"

मी गिरजाबाईंचा दंड धरला होता. हजारो माणसांपुढे उभी राहिलेली ती बाई, पण तोंडातून शब्द निघेना. सेठजी बॅनर हातात घेऊन तसेच उभे.

सोनाबाई पुढे आली. वाळकी, ठेंगणी, बोटं तंबाखूने पिवळी झालेली. तिने अंगणातली खुर्ची पदराने पुसली, गिरजाबाईंपुढे सरकवली आणि म्हणाली, "बसा बाई, घाई काऊन करता?"

अंगणभर हशा उठला. गिरजाबाई बसल्या आणि रडल्या. चांगल्या हुंदके देऊन रडल्या. आणि रडता रडताच म्हणाल्या, "चहा आना व कोणी. साखर टाकजा." मग त्यांचा तो आवाज ऐकून बायाही पदर डोळ्यांना लावू लागल्या, कारण तोंड कोणाचंही असो, आवाज त्यांच्या ओळखीचा होता. मग कोणी पाय टेकवायला पाट दिला, कोणी गुडघ्याला कसलं तेल लावावं ते सांगू लागलं. विहिरीत ढकललेल्या पोराचीही आठवण कोणीतरी काढली, आणि गिरजाबाई म्हणाल्या, "त्या पोराले पोहता येत होतं बाई, म्हनून ढकललं."

माझी मात्र धडगत नव्हती. "तूच काय व निर्मला?" म्हणून एकीने मला बाजूला घेतलं. "सासूले असं उलटं बोलत असतेत का? आमच्याकडे आली असती त दाखवलं असतं." मी लिहिलेली वाक्यं मला तोंडपाठ ऐकवून बायांनी माझी चांगलीच खरडपट्टी काढली. जेवायला लाखोळीच्या डाळीचे वडे होते, भात होता, वांग्याची भाजी होती. मला वाढताना हात जरा आखडताच होता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

जेवणं झाली आणि सोनाबाई आतून एक खोका घेऊन आली. गावातल्या विडीवाल्या बायांनी मिळून माहेरवाशिणीसाठी साडी घेतली होती. हिरव्या रंगाची, बारीक काठाची. गिरजाबाईंनी ती मांडीवर घेतली. सगळ्यांचं लक्ष साडीकडे होतं. सेठजींचं लक्ष खोक्याकडे गेलं. खोक्यावर ठळक अक्षरांत समोरच्या काचेच्या दुकानाचं नाव होतं.

सेठजींचा चेहरा पडला. त्यांनी खोका उचलून नीट वाचला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला व्हॅनमध्ये जाऊन बसावंसं वाटलं. इतके महिने त्यांच्या खर्चाने त्यांच्या दुकानातून बोललेली बाई, आणि तिच्यासाठी साडी घेतली ती समोरून. माझ्या साऱ्या कारभाराची परीक्षा त्या खोक्यावर लागली होती, आणि मी नापास झाले होते.

त्यांनी शेवटी सोनाबाईला विचारलंच. आणि त्या दिवशी प्रथमच मी त्यांना मराठीत बोलताना ऐकलं. "बाई, साडी आमच्याकडून का नाही घेतली? आवडली नाही?"

सोनाबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू एवढ्या मोठ्या माणसाला एवढंही कसं कळत नाही.

"तुमच्या दुकानातून कशी घेऊ सेठ? ते तुमच्या दुकानातच बसते ना? ते तिचं घर झालं. माहेरवाशिनीले तिच्याच घरची साडी कोणी नेसवते का?"

बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. त्यात कोणाला काही विशेष वाटलं नाही. एकीने पुस्ती जोडली, "आमच्या घरच्या साड्या आमी तुमच्याकडूनच नेल्या दिवाळीले. हे मात्र समोरून आनली. शोधा लागली, तुमच्यासारखा माल नाही त्याच्याजवळ."

सेठजींनी खोक्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग तो त्यांनी हळूच खाली ठेवला.

निघायच्या वेळी गिरजाबाई उठल्या नाहीत. सोनाबाई म्हणाली, माहेरवाशीण मंडईच्या दिवशी परत जात नसते, उद्या पोचवून देऊ. गिरजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं गावोगावच्या मंडयांत त्या पडद्यामागे उतरल्या होत्या. पाहुणी म्हणून कोणाच्या घरी राहण्याची ही पहिलीच वेळ. "जाय तू," त्या म्हणाल्या. "मी आज येथे आहे."

परतताना व्हॅनमध्ये मी आणि सेठजी. बॅनर पुन्हा मागे तसंच गुंडाळलेलं होतं, ते लावायची कोणाला आठवण झाली नव्हती. गोरेगाव जवळ आलं तेव्हा ते म्हणाले, "मैडम, बाजार के दिन नया भाग आना चाहिए. लोग रास्ता देखते हैं."

मी म्हटलं, "त्यात साडी घालू का?"

"रहने दो."

पुढे आमचे भाग बरीच वर्षं चालले. फोनमध्ये इंटरनेट आलं, मेमरी कार्ड भरणाऱ्यांची गर्दी ओसरली, तेव्हा थांबले. भाचा विचारतो, त्याने विक्री किती वाढली? वाढली, पण किती आणि कोणत्या भागाने, ते मला सांगता येत नाही. तो म्हणतो, मग यश कसं मोजलंस? मला हळहळ आहे ती वेगळ्याच गोष्टीची. त्या भागांतला एकही माझ्याजवळ शिल्लक नाही. कार्डं पुसली गेली, त्यांवर गाणी भरली गेली, संगणक बिघडला. गिरजाबाई आता नाहीत. त्यांचा आवाज मला आज ऐकायचा झाला, तर कोणाच्या तरी जुन्या फोनमध्ये तो असेल, एवढ्याच आशेवर आहे. हिरडीटोल्यात मात्र त्या शेवटपर्यंत दर मंडईला जात राहिल्या.

यश कसं मोजलं, यावर भाच्याला मी एकच गोष्ट सांगते. ती पुढच्याच वर्षीची आहे.

मंडईच्या आधीचा बाजार होता. मी भागासंबंधी बोलायला सेठजींच्या दुकानात बसले होते. सोनाबाई आणि तिच्या गावच्या बाया आल्या. गादीवर बसल्या, आपापल्या घरच्या साड्या निवडल्या, पिशव्या भरल्या आणि उठल्या.

सेठजींनी विचारलं, "भागरताबाई की?"

"ते समोरून घेतो ना," सोनाबाई म्हणाली.

सेठजींनी गल्ल्याला कुलूप लावलं, चपला शोधल्या आणि त्या बायांबरोबर रस्ता ओलांडला. मीही मागोमाग गेले, हे बघायचं सोडणार कशी? समोरचा दुकानदार गडबडून उभाच राहिला. दुकान उघडल्यापासून बद्रीसेठ कधी त्याच्या दारात आले नव्हते. सेठजी गादीवर बसले आणि साड्या काढायला लावल्या. ही भडक आहे. हिचा काठ टोचतो. "हलकी दिखाओ, उसके घुटने दुखते हैं, भारी साड़ी उससे संभलती नहीं." बाया बघत होत्या, सेठजी निवडत होते. शेवटी एक निळी त्यांना पसंत पडली. त्यांनी ती सोनाबाईपुढे धरली, तिने मान हलवली.

समोरच्या दुकानदाराने साडी खोक्यात घालता घालता हळूच विचारलं, "सेठजी, एक बात बताओ. ये भागरताबाई तो असल में है ही नहीं ना?"

सेठजींनी त्याच्याकडे पाहिलं.

"है कैसे नहीं," ते म्हणाले. "हमारे यहां बैठती है."